चित्रकार हवाय! कॉमिक लिहिणाऱ्या नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमिक लेखनाच्या कार्यशाळेत पहिला तास चौकटी, फुगे आणि संवाद यांत जातो. चहाची सुट्टी झाली की मात्र एकच प्रश्न येतो: "ते सगळं ठीक आहे हो, पण चित्रकार कुठे मिळेल?" नंतर मेलवरही तोच. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिसला तर तिकडे जा, तेच परत लिहिलेलं नाही.

१. मला कॉमिक लिहायचंय, पण साधा माणूससुद्धा धड काढता येत नाही. मग हे माझं काम आहे का?

आहे. आपल्याकडची गाजलेली कॉमिक्स बरीचशी जोडीनेच झाली आहेत. १९६७ साली 'अमर चित्र कथा' सुरू झाली तेव्हा अनंत पै लेखन-संपादन बघत होते आणि कुंचला राम वाईरकरांच्या हातात होता. १९९१ पासून 'सकाळ'मधून घराघरांत पोचलेला चिंटू म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही जोडी. आबिद सुरतींचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ते स्वतः व्यंगचित्रकार, 'ढब्बूजी' त्यांचाच. तरीही इंद्रजाल कॉमिक्समधला त्यांचा 'बहादूर' चितारला गोविंद ब्राह्मणियांनी. हातात कला असलेला माणूससुद्धा गोष्टीला दुसरा हात शोधतो, तर आपण का लाजायचं?

फक्त काडीची माणसं काढायला शिका. कशासाठी, ते प्रश्न ३ मध्ये.

२. चित्रकार शोधायला निघण्याआधी माझ्याकडे काय तयार हवं?

आठ पानांची, पूर्ण लिहिलेली, शेवट असलेली एक गोष्ट. बस.

मला येणाऱ्या दहा मेलपैकी आठांत बारा खंडांची महागाथा असते. कलियुगाचा अंत, सह्याद्रीत दडलेलं शस्त्र, सात कुळं. लिहून काय झालंय? नकाशा आणि पात्रांची यादी. चित्रकाराच्या बाजूने गणित मांडून बघा. एका पानाची पेन्सिल चांगल्या हाताला एक दिवस घेते, शाई आणखी एक दिवस, रंग आणि अक्षरं धरली तर तिसरा. आठ पानं म्हणजे चोवीस दिवस. एकशे वीस पानं म्हणजे तीनशे साठ दिवस, आणि यात रविवार, आजारपण, दसरा-दिवाळी धरलेलं नाही. अनोळखी माणसाकडून तुम्ही त्याचं अख्खं वर्ष मागताय.

मीही हेच केलं होतं. पहिली स्क्रिप्ट एकशे चाळीस पानांची. ज्यांना पाठवली त्यांनी नम्रपणे "वाचून कळवतो" म्हटलं. ते अजून वाचताहेत.

आठ पानी गोष्टीचा दुसरा फायदा असा की ती छापायला सोपी. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, त्यामुळे आठ, बारा, सोळा हे आकडे डोक्यात ठेवूनच लिहा.

३. स्क्रिप्ट कशी लिहायची? काही ठरलेला फॉरमॅट आहे का?

सिनेमाच्या पटकथेसारखा एकच सर्वमान्य साचा कॉमिकला नाही. चित्रकाराला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: पान कितवं, त्यात चौकटी किती, आणि प्रत्येक चौकटीत काय दिसतं व कोण काय बोलतं. माझ्या एका स्क्रिप्टची सुरुवात अशी होती:

पान १, चार चौकटी.
चौकट १. रुंद. पहाटेचा एसटी स्टँड, नुकता पाऊस थांबलेला. फलाटावर एकच बाई. हातात पिशवी, पिशवीतून कोंबडीची मान बाहेर.
चौकट २. बसमध्ये. कंडक्टर तिकिटाच्या यंत्रावर बोट ठेवून कोंबडीकडे बघतोय.
कंडक्टर: हिचं तिकीट?
चौकट ३. बाईचा चेहरा जवळून. गंभीर.
बाई: ती मांडीवर बसंल.
चौकट ४. कोंबडी जवळून. तीही तितकीच गंभीर.

नवखे सर्वांत जास्त चुकतात ते हालचालीत. "तो दार उघडतो, चप्पल काढतो आणि आईला बघून थबकतो" हे एका चौकटीत मावत नाही. त्या तीन चौकटी झाल्या. एका चौकटीत एकच क्षण. संवादाचंही तसंच. पानाला पाच-सहा चौकटी धरल्या तर एका चौकटीत वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलात की फुगा चित्र खायला लागतो.

लिहून झालं की काडीच्या माणसांनी प्रत्येक पानाचा आगपेटीएवढा कच्चा आराखडा काढा. तो चित्रकाराला दाखवायचाच असं नाही. तुमची चौकट काढता येण्याजोगी आहे की नाही, हे तुम्हालाच त्यातून कळतं. माझ्या निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

४. बरं, पण चित्रकार असतात कुठे? मी तर कोणालाच ओळखत नाही.

मराठी माणसाच्या घरात याची एक उत्तम डिरेक्टरी पडलेली असते आणि कोणी ती उघडत नाही: दिवाळी अंक. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून ही परंपरा चालत आलेली आहे आणि आजही अंकांत कथाचित्रं, व्यंगचित्रं, सजावट असतेच. श्रेयांच्या पानावर 'मुखपृष्ठ', 'रेखाटने', 'सजावट' यांपुढची नावं वाचा. चार-पाच अंक घेऊन बसलात तर तासाभरात वीस नावांची यादी होते, आणि प्रत्येकाचं काम तुमच्या समोर छापलेलं असतं. 'किशोर'सारखी मुलांची मासिकं, पाठ्यपुस्तकं, बालसाहित्याची पुस्तकं यांनाही हेच लागू.

दुसरी जागा कला महाविद्यालयं. मुंबईत सर ज. जी.च्या आवारात, पुण्यात अभिनवमध्ये, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीजमध्ये, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयांत, पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात. वार्षिक प्रदर्शन बघायला जा. बहुधा ती वर्षाच्या पहिल्या तिमाहीत असतात. पेंटिंगच्या दालनात रेंगाळा हवं तेवढं, पण उपयोजित कलेचा विभाग चुकवू नका. इलस्ट्रेशन करणारी मुलं तिथे असतात. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांना चित्रांतून गोष्ट सांगायची सवय असते, त्यामुळे त्यांचं प्रदर्शनही बघण्यासारखं.

तिसरी जागा मेळावे. मुंबई कॉमिक कॉनमध्ये मोठ्या स्टॉलांच्या गर्दीतून वाट काढत आर्टिस्ट अ‍ॅली गाठा. तिथे चित्रकार स्वतःच्या टेबलामागे बसलेले असतात. इंडी कॉमिक्स फेस्ट त्याहून लहान आणि आपल्या कामाचा, कारण तिथे स्वतः छापून स्वतः विकणारेच येतात. एक पथ्य पाळा: आधी त्यांचं काहीतरी विकत घ्या, मग बोला. आणि टेबलासमोर गिऱ्हाईक उभं असताना आपली महागाथा ऐकवू नका.

व्यंगचित्रकारांची 'कार्टूनिस्ट्स कम्बाइन' ही संघटना आहे, तिची प्रदर्शनं आणि संमेलनं होतात. विनोदी गोष्टीसाठी तिथे जरूर जा. जाहिराती आणि मालिकांसाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधी दृश्यांची चित्रं, काढणारे मुंबईत पुष्कळ आहेत. कॅमेऱ्याचा कोन त्यांना सांगावा लागत नाही आणि हात विजेसारखा चालतो. दर अर्थातच त्या धंद्यातले.

आणि गावातला शाळेचा चित्रकला शिक्षक. हसू नका. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवणाऱ्या या माणसाला तालुक्यातला प्रत्येक बरा हात ठाऊक असतो.

५. इन्स्टाग्रामवर शोधलं तर चालत नाही का?

चालतं, बहुतेक जोड्या हल्ली तिथेच जमतात. पण हॅशटॅगवर 'मराठी' टाकून शोधलंत तर सुविचारांच्या चौकटी जास्त सापडतील. त्यापेक्षा तुम्हाला आवडणारा एक चित्रकार धरा आणि तो कोणाकोणाला फॉलो करतो ते बघत जा. चित्रकार मंडळी एकमेकांना धरून असतात. बिहान्स आणि आर्टस्टेशन या चित्रकारांच्या वेबसाइटांवर काम नीट मांडलेलं असतं, पण तिथे एकेकट्या देखण्या चित्रांचा भरणा फार (प्रश्न ७). रेडिटवर कॉमिकसाठी जोडीदार शोधणाऱ्यांचा वेगळा विभाग आहे, तिथला व्यवहार इंग्रजीत आणि जगभरचा.

६. वीस जणांना मेसेज केला, एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?

बहुधा मेसेजच. "हाय सर, माझ्याकडे एक जबरदस्त कन्सेप्ट आहे, इंटरेस्टेड असाल तर सांगा" असं लिहिलं असेल तर मीसुद्धा उत्तर दिलं नसतं. त्यात समोरच्याच्या कामाबद्दल अक्षर नाही, किती पानं ते नाही, पैशाचं नाव नाही. आणि वीस जणांना तोच मजकूर गेलाय, हे वाचणाऱ्याला कळतं. असा लिहून बघा:

"नमस्कार. यंदाच्या दिवाळी अंकातली तुमची रेखाटनं पाहिली. म्हातारीचे हात फार बोलके आलेत. मी आठ पानांची एक विनोदी गोष्ट लिहिली आहे: एसटीत कोंबडीच्या तिकिटावरून होणारं भांडण. काळ्या-पांढऱ्यात, ए-फाइव्ह आकारात छापायची आहे. पानाला अमुक रुपये देऊ शकतो, निम्मे आधी. जानेवारीत सुरू करून मार्चअखेर संपवावं असं डोक्यात आहे. स्क्रिप्ट जोडली आहे. जमणार नसेल तर तेवढंच कळवलंत तरी चालेल."

दुसरं कारण वेळेचं. जुलैपासून दिवाळी अंकांची कामं अंगावर असतात, मध्ये गणपतीची सजावट येते, आणि दिवाळीपर्यंत मराठी चित्रकाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. ऑगस्टमध्ये पाठवलेला मेसेज वाहून गेला तर मनाला लावून घेऊ नका. दिवाळी उलटू द्या आणि एकदा आठवण करा. एकदाच.

७. चित्रं सुंदर आहेत, पण याला कॉमिक जमेल का हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न फार थोडे विचारतात आणि खरं तर सर्वांत आधी विचारायला हवा. एक देखणं चित्र काढणं वेगळं आणि तोच चेहरा चाळीस चौकटींत, वरून, मागून, रडताना, जांभई देताना तोच वाटेल असा काढणं वेगळं. पोर्टफोलिओत मी या गोष्टी शोधतो: तीच व्यक्ती दोनदा दिसते का? हात खिशात किंवा पाठीमागे लपवलेत का? मागे घर, रस्ता, भांडीकुंडी काढली आहेत की नुसता धुरकट रंग सोडलाय? दोन माणसं एकमेकांकडे बघून बोलताना काढलीत का?

कॉमिकचं एकही पान नसेल तर स्केचबुक बघायला मागा. लोकलमध्ये बसून काढलेली माणसं मला डिजिटल योद्ध्यांपेक्षा जास्त सांगून जातात.

याची उलटी बाजूही आहे. कॉमिकचा साचा माहीतच नसलेला चित्रकार कधी साचाच बदलून टाकतो. डॉ. आंबेडकरांवरच्या 'भीमायन'ची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यांनी चौकोनी चौकटींत माणसं कोंबायला नकार दिला. पानं गोंड नक्षीने विभागली गेली आणि कडू बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आली. असा चित्रकार भेटला तर तुमची चौकट-चौकट लिहिलेली स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि त्याला गोष्ट तोंडी सांगा.

८. माझ्याकडे पैसेच नाहीत. फुकट कोणी करेल का?

मित्र करेल, चार पानं. "तुमचं नाव होईल" हे वाक्य मात्र आयुष्यात उच्चारू नका. चित्रकारांनी ते इतक्यांदा ऐकलंय की पुढचं ते वाचत नाहीत.

फुकट कामाची खरी अडचण नैतिक नसून व्यवहाराची आहे. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम रांगेत सर्वांत मागे उभं राहतं. आज लग्नाची पत्रिका आली, उद्या कोणाचा लोगो आला, आणि तुमचं पान तीन तसंच. त्याला दोष देता येत नाही.

पैसे नसतील तर काम लहान करा. आठ पानांची चार पानं करा, रंग काढून टाका, किंवा चार चौकटींची पट्टी लिहा. देवाणघेवाणही होते: त्याच्या डोक्यातल्या गोष्टीची स्क्रिप्ट तुम्ही लिहून द्या, तुमची तो काढून देईल. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी विषय हवा असतो, तिथे तुमची स्क्रिप्ट चपखल बसू शकते, फक्त परीक्षेचं वेळापत्रक त्याचं, तुमचं नाही. निम्मी-निम्मी भागीदारी ठरवलीत तर छपाईचा खर्च, विक्री आणि स्टॉलवर दिवसभर उभं राहणं, यात तुमचा वाटा मोठा हवा.

९. पानाला साधारण किती द्यावे लागतात?

ठरलेला दर नाही, आणि मी इथे आकडा टाकला तर तोच दर म्हणून फिरेल. चित्रकारालाच विचारा. सांगितलेला आकडा रास्त आहे का, हे तपासायला प्रश्न २ मधलं गणित वापरा. समजा एका पानाला तीन दिवस लागतात आणि त्या माणसाने दिवसाला पंधराशे रुपये तरी सुटावेत असं धरलं, तर पान साडेचार हजारांचं झालं. आता "हजारात कर ना" म्हणताना आपण काय बोलतोय ते लक्षात येईल. काळ्या-पांढऱ्यात दिवस कमी होतात, अक्षरं तुम्ही लावलीत तर आणखी कमी.

हप्ते असे ठेवा की दोघांचीही झोप उडणार नाही. थोडे पैसे आधी, मग दर दोन पानांमागे. दुरुस्त्यांचंही आधीच ठरवा. चित्रकाराच्या कच्च्या आराखड्यात हवे तेवढे बदल सुचवा, शाई झाल्यावर बदल हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. नायकाला मिशी हवी होती हे आठव्या पानावर आठवणाऱ्या लेखकांसाठी हा नियम आहे. होय, एकेकाळी मीच.

१०. नमुन्यादाखल एक पान फुकट काढून मागितलं तर चालेल?

नाही. पात्राचं एखादं रेखाटन कोणी आपणहून पाठवलं तर गोष्ट वेगळी. पूर्ण पान हवं असेल तर त्याचे पैसे द्या, मग पुढे जमो न जमो.

११. स्क्रिप्ट पाठवली आणि त्याने माझी कल्पना चोरली तर?

आजवर मला भेटलेल्या चित्रकारांकडे स्वतःच्याच न काढलेल्या गोष्टींचा ढीग आहे, तुमची घेऊन ते काय करतील? आणि कायदाही नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहिलेल्या शब्दांना देतो. 'एसटीतली कोंबडी' ही कल्पना कोणाचीही, माझी स्क्रिप्ट माझी. लिहून झाल्या क्षणापासून कॉपीराइट तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. स्क्रिप्ट मेलने पाठवलीत की तारखेचा पुरावाही आपोआप राहतो. पहिल्याच मेसेजसोबत गोपनीयतेचा करार सही करायला पाठवणाऱ्याला मात्र उत्तर येत नाही.

१२. आम्ही कॉलेजचे मित्र आहोत. तरी करार कशाला?

मित्र राहायचं असेल म्हणून. पानभर मराठीत लिहा, दोघांनी सह्या करा. त्यात किती पानं, कधीपर्यंत, किती पैसे, नाव कुठे, पात्रं कोणाची, मूळ फाइली कोणाकडे आणि मध्येच थांबलं तर काय, एवढं आलं की झालं.

हे न लिहिल्यास काय होतं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कृती म्हणजे जिच्यात दोघांचं योगदान वेगळं काढता येत नाही ती. कॉमिकमध्ये शब्द आणि चित्रं बहुधा वेगळी काढता येतात. म्हणजे शब्द तुमचे, चित्रं त्याची, आणि एकमेकांच्या परवानगीशिवाय पुस्तक कोणालाच काढता येत नाही. "पण मी पैसे दिलेत!" हे नेहमीचं उत्तर. पैसे घेऊन सांगण्यावरून केलेल्या पेंटिंगचा, व्यक्तिचित्राचा किंवा फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, काम सांगणारा असतो, असं कलम १७ म्हणतं. पण कॉमिकचं रेखाटन त्यात नावानिशी नाही, त्यामुळे वादाला जागा आहे. ती ठेवू नका.

हक्क लिहून घेणार असाल तर कलम १९ लक्षात ठेवा. हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं, तोंडी चालत नाही. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं लिहिलेलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो निसटतो. सगळे हक्क विकले तरी हे चित्र माझं आहे असं म्हणण्याचा आणि आपल्या कामाची नाचक्की होईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार चित्रकाराकडे कलम ५७ खाली राहतोच.

माझा सल्ला विचाराल तर सगळे हक्क मागूच नका. या पुस्तकापुरता, मराठीत, छापील आणि डिजिटल वापराचा हक्क घ्या. मूळ चित्रं त्याची त्याला राहू द्या, ती विकून त्याला चार पैसे मिळतात. सिनेमावाला वगैरे आलाच तर वाटणी कशी, हे एका ओळीत लिहून ठेवा. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

१३. चित्रकाराने माझी चौकटच बदलली! सांगितलं होतं एक, काढलं दुसरं.

आधी ते पान घेऊन स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाकडे जा. त्याला गोष्ट कळली का? कळली तर बहुधा चित्रकार बरोबर आहे. माझ्या चौथ्या चौकटीत कोंबडी जवळून होती ना, चित्रकाराने तिथे अख्खी बस काढली आणि सगळे प्रवासी कोंबडीकडे बघताहेत असं दाखवलं. मी दोन दिवस धुसफुसलो. छापून आल्यावर वाचक हसले ते त्याच चौकटीला.

गोष्टीचा अर्थ बदलत असेल, पुढे लागणारी वस्तूच काढायची राहिली असेल, तर जरूर बोला. म्हणूनच आराखडा मंजूर झाल्याशिवाय पेन्सिल सुरू करायची नाही असं ठरवून घ्यायचं (प्रश्न ९).

१४. अर्धी पानं काढून चित्रकार गायब झाला. आता?

माझं एक काम अकराव्या पानावर असंच थांबलं. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या बारीक प्रतींखेरीज काही नव्हतं. तेव्हापासून मी दर हप्त्याबरोबर पूर्ण आकाराच्या, ३०० डीपीआयच्या (म्हणजे छपाईला पुरेशा स्पष्ट), लेअर असलेल्या (म्हणजे चित्राचे थर वेगळे ठेवलेल्या) फाइली मागून घेतो.

गायब झालेल्याला आधी माणूस म्हणून फोन करा. बऱ्याचदा घरी काहीतरी झालेलं असतं आणि उशीर झाल्याच्या लाजेने तो फोन उचलत नसतो. "थांबवायचं असेल तर थांबवू, झालेल्या पानांचा हिशोब करू" असा मेसेज गेला की बहुतेक जण बोलते होतात. दुसऱ्याकडून पुढची पानं करून घेताना पहिल्याची चित्रं वापरायला किंवा त्याने घडवलेला चेहरा गिरवायला त्याची लेखी परवानगी लागेल. ती नसेल तर नव्याने सुरुवात. दोन हातांची शिवण वाचकाला दिसतेच, तेव्हा मला तरी नवी सुरुवातच बरी वाटते.

१५. फुग्यांतली मराठी अक्षरं कोण लावतं? चित्रकार म्हणतो त्याला टायपिंग येत नाही.

मग तुम्ही लावा. लेखकाने शिकावं असं हे काम आहे, कारण शेवटच्या क्षणी संवाद कापायची संधी तिथेच मिळते. फुगे आणि मजकूर चित्रापासून वेगळ्या लेअरवर ठेवा.

देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात. रोमन अक्षरांच्या हिशोबाने दोन ओळींत जागा सोडलीत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फुगा थोडा उंच धरा आणि ती जागा चित्रकाराला आराखड्यातच सांगा. फॉन्ट युनिकोडच वापरा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' फुकट मिळतात आणि फुग्यात शोभतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटून 'क्‌ष' असं काहीतरी दिसायला लागलं तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडा. चित्रकाराचं हस्ताक्षर चांगलं असेल तर मात्र हे सगळं विसरा आणि हातानेच लिहून घ्या.

१६. चित्रकार मिळेपर्यंत एआयने चित्रं काढली तर?

स्वतःला कल्पना यावी म्हणून घरात काय हवं ते करा. चित्रकाराला "असंच काढ" म्हणून ती पाठवलीत तर तो दुखावतो. शिवाय त्याच्याकडून जे हवं ते, म्हणजे त्याची नजर, तुम्ही आधीच नाकारलेली असते. तीच कोंबडी आठ पानं तीच राहणं हेही तिथे जिकिरीचं. संदर्भच द्यायचा तर एसटी स्टँडवर जा आणि मोबाइलवर वीस फोटो काढा.

१७. मला आवडलेला चित्रकार सतरा वर्षांचा आहे. काही अडचण?

अठरा पूर्ण नसलेल्याशी केलेला करार कायद्याने टिकत नाही. आईवडिलांशी बोला, सह्या पालकांच्या घ्या, पैसे त्यांना सांगून द्या. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर जूनपर्यंत थांबा.

१८. एका प्रसिद्ध मराठी कादंबरीचं कॉमिक करायचंय. चित्रकार तयार आहे.

आधी लेखकाचं मृत्युवर्ष बघा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. गो. नी. दांडेकर १९९८ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क २०५८ अखेरपर्यंत वारसांकडे किंवा त्यांनी दिले असतील त्यांच्याकडे. कॉमिक हे रूपांतरच, तेव्हा परवानगी लेखी हवी आणि चित्रकाराने पेन्सिल उचलण्याआधी हवी. पुराणकथा, लोककथा मोकळ्या आहेत. त्यावर आधारलेली आधुनिक कादंबरी मोकळी नाही, हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

१९. आधी प्रकाशक गाठू का? चित्रकार तेच देतील ना?

मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत अनेकदा देतात, आणि मग निवड त्यांची. कॉमिकची नुसती स्क्रिप्ट वाचून पुस्तक डोळ्यांसमोर आणणारे संपादक थोडे. चार पक्की पानं आणि उरलेली स्क्रिप्ट घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं. ती चार पानं दाखवताना चित्रकाराला सोबत न्या. मुखपृष्ठावर त्याचं नाव तुमच्याच आकारात येईल हेही तिथेच बोलून घ्या.

२०. मी न्यू जर्सीत राहते. भारतातल्या मराठी चित्रकाराबरोबर काम कसं करू?

स्क्रिप्ट, करार, हप्ते सगळं वरच्यासारखंच. वेगळं आहे ते पैसे पाठवणं. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलं, परदेशातून भारतात पाठवता येतात. पण शुल्क आणि रूपांतराचा दर यांत रक्कम झिजते, तेव्हा "चित्रकाराच्या हातात इतके रुपये पडतील" असं ठरवा आणि झीज तुम्ही सोसा. त्याच्या बँकेत पैसे कशाचे ते विचारतात, म्हणून प्रत्येक हप्त्याला त्याच्याकडून साधं बिल घ्या.

संदर्भांची काळजीही तुम्हालाच जास्त घ्यावी लागेल. तुमच्या आठवणीतला एसटी स्टँड १९९५ चा असेल आणि चित्रकार २००३ साली जन्मलेला. कंडक्टरच्या हातात तिकिटांची पेटी आणि पंच हवा की यंत्र, हे स्क्रिप्टमध्ये लिहा. नाहीतर गोष्ट तुमच्या लहानपणची आणि बस कालची, असं होतं.